आठशे मैलांची शिदोरी

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. निपाणीच्या मुलींच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे बाईंनी पुष्कळदा सांगितलं, पण माझ्या हाताला ते कधी कळलं नाही. पुढं सगळा जन्म भाकऱ्या थापण्यात गेला, त्यामुळं वेलांटीसुद्धा थापल्यासारखीच पडते. चुका असतील त्या पदरात घ्याव्यात.

तसं हे वाचणारं कोणी नाही. पुतण्याची मुलगी कुसुम शाळेत शिकवते. त्यांच्या दिवाळी अंकात लोकांच्या कामाच्या आठवणी छापतात म्हणे. ती मागं लागली, "आज्जी, तुमच्या विमानाच्या डब्यांचं लिहून द्या की." मी नको म्हटलं. चारचौघांत कोणी माझं नाव विचारलं तरी माझा आवाज पदराआड जातो, मग छापून आल्यावर बाजारात कुठल्या तोंडानं जाऊ? पण तेव्हापासून ते मनातून जाईना. म्हणून दुपारची झाकपाक झाली की एकटी बसून लिहिते. कुसुमला सांगितलेलं नाही.

माझा धंदा खानावळीचा. बेळगावात, शहापूर भागात, दोन खोल्या आणि मागं चुलीचं छप्पर. पण माझं नाव झालं ते ताटातल्या जेवणानं नाही, बांधून दिलेल्या शिदोरीनं. बेळगाव म्हणजे कोर्टकचेरीचं गाव. चहूकडची माणसं तारखेला येत, दोन घास जेवत आणि परतीच्या वाटेसाठी शिदोरी बांधून नेत.

शिदोरी बांधण्यात एक शहाणपण आहे, ते सासूबाईंनी मला शिकवलं. गिऱ्हाइकाला मैल विचारायचे नाहीत, "किती मुक्काम?" असं विचारायचं. कणकुंबी बेळगावाहून जवळ आणि निपाणी लांब. पण निपाणीचा माणूस मोटारीत बसला की दुपारी घरी, आणि कणकुंबीचा माणूस पावसाळ्यात निघाला तर रानात, चिखलात एक रात्र गाडीखाली काढणार. तेव्हा निपाणीवाल्याला साधी पोळी-भाजी पुरते. कणकुंबीवाल्याला दशमी द्यायची, तीही नुसत्या दुधात भिजवून, कारण शिदोरी नासते ती पाण्यानं. दोन-तीन रात्री असतील तर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगापोळी. त्याच्याही पलीकडं, काशी-रामेश्वराला निघालेल्यांना कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तंबिटाचे, म्हणजे भाजलेल्या पिठाचे गूळ घातलेले लाडू. कडक भाकरी म्हणजे कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग निखाऱ्यासमोर उभी करून पार वाळवायची. महिनाभर तिला काही होत नाही. बुरशी येत नाही, मुंगी लागत नाही, आणि दात नसले तर ती खाताही येत नाही.

ही भाकरी करायला माझ्याकडं गंगाक्का होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, घरात कानडी बोलणारी, बाजारात मराठी बोलणारी आणि भांडताना दोन्ही. मी आतून हळू बोलायचे आणि ती माझं बोलणं बाहेर मोठ्यानं सांगायची. अशीच आमची खानावळ चालायची.

आणखी एक रीत होती. शिदोरी बांधताना एक तुकडा वेगळा ठेवायचा. त्याला आम्ही वाटेचा घास म्हणतो. गावाची शीव आली की गाडी थांबवून तो घास बाहेर टाकायचा, म्हणजे वाटेवर जे काही असेल ते आपल्या मागं लागत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग असत. कणकुंबीकडचे दोन म्हातारे भाऊ आठवतात. बांधावरून दोघांचा एकमेकांवर दावा. पण गाडी एकच, कारण दुसरी परवडायची नाही. दिवसभर कोर्टात एकमेकांविरुद्ध शपथा घ्यायचे आणि संध्याकाळी दोघंही माझ्या दारात. पहिल्या वेळी मी दोन शिदोऱ्या बांधल्या, तर थोरला म्हणाला, "एकच बांध गं पोरी. भांडान कोरटात, जेवान गाडीत." धाकटा म्हणाला, "चटणी जास्त घाल. ह्यो सगळी एकटाच खातोय. त्यो बी दावा घालायचाय मला." बारा वर्षं आले. मग एकटा थोरला आला. मी शिदोरी एकाचीच बांधली आणि दिली. त्यानं ती उघडून बघितली, आणि दोघांची बांधून मागितली.

आता मुख्य गोष्टीकडं येते.

दुसरी मोठी लढाई चालू असतानाच आमचे हे तापानं गेले. धान्य मापानं मिळायला लागलं होतं, जेवणारे कमी झाले होते, जागेचं भाडं थकलं होतं. सासर सदलग्याचं. थोरले दीर तिथं शेती बघत, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. अण्णा आले, आत न येता उंबऱ्यावरच बसले आणि म्हणाले, "बाईमाणसानं एकटीनं बेळगावात चूल मांडायची, ही रीत न्हवं. पर तू ऐकणार न्हाईस. भाडं आनि भांड्याकुंड्याला पैसं मी देतो. लढाई संपली की पुढच्या वर्साचा दिवाळीचा पाडवा. तवर फिटलं तर खानावळ तुझी. न्हाई फिटलं तर गाडी घिऊन येतो, भांडी भरतो आनि तुला घरला न्हेतो. आमच्यात बारा मान्सांचा सैपाक हाय, हात कमीच पडत्यात."

अण्णा वाईट नव्हते. सदलग्याला मला कोणी उपाशी ठेवलं नसतं. भाकऱ्या इथंही थापायच्या आणि तिथंही थापायच्या. पण तिथं पिठाच्या कोठीची किल्ली थोरल्या जाऊबाईंच्या कमरेला होती. मूठभर शेंगदाणे घ्यायचे तरी विचारायला लागायचं. एकदा स्वतःच्या हातानं कोठी उघडायची सवय लागली की ती जात नाही. ही खानावळ गेली तर मीही संपणार, एवढंच मला कळत होतं.

लढाई संपली. ज्या वर्षीच्या पाडव्याचा वायदा होता ते वर्ष उजाडलं. श्रावणापर्यंत पैसे जमले होते ते निम्म्याहून कमीच.

गणपती गेल्यावर एका सकाळी रेगे साहेब आले. सांबऱ्याला लढाईत विमानांचा तळ झाला होता, तो आम्ही ऐकून होतो. डोक्यावरून विमानं जायची, गंगाक्का त्यांना हात दाखवून शिव्या द्यायची. आता एका मुंबईच्या खाजगी कंपनीनं तिथून माणसं न्यायला सुरुवात केली होती. रेगे त्या कंपनीचे इथले साहेब.

"बाई, बारा डबे हवेत," ते म्हणाले. "निपाणीचे तंबाखूचे व्यापारी आमच्या विमानानं कराचीला निघालेत. जेवण वाटेतच करतील. डबे पसंत पडले तर दर फेरीला तुमच्याकडूनच घेऊ."

दर फेरीला! महिन्याच्या दोन फेऱ्या. मी दाराआडून गंगाक्काला कोपरानं ढोसलं. ती बाहेर ओरडली, "बाई इचारतीया, किती मुक्काम?"

"मुक्काम कसला?" रेगे हसले. "आठशे मैल आहे. मुंबईला तासभर थांबून साडेसहा तास."

ते विसार ठेवून गेले.

मला ठाऊक होती ती कराची शेजारच्या तानूबाईच्या मुलाची. तो तिथं बंदरावर नोकरीला होता. त्याची शिदोरी मीच बांधायची. चार दिवस आगगाडी, दोन ठिकाणी बदलायची, तरी पोचायला उशीर व्हायचाच. त्याच कराचीला हे साहेब साडेसहा तासांत निघाले होते.

"खोटं असंल का गं?" मी विचारलं.

"खोटं न्हवं, पर सायबाचं बोलनं हाय," गंगाक्का म्हणाली. "गाडीवान म्हनतो आत्ता पोचतो, आनि सांज हुती. मोटारवाला म्हनतो धा मिनिटं, आनि खाली उतरून ढकला म्हनतो. विमानाला तर ढकलाय बी मिळत न्हाय. आठशे मैल कानांनी ऐकलंस न्हवं? त्येच धर."

मैल विचारू नये हे सासूबाईंचं शहाणपण मी जन्मभर पाळलं होतं, कणकुंबी-निपाणी मला तोंडपाठ होती. पण आठशे हा आकडा ऐकला आणि ते सगळं विसरले. बैलगाडीच्या हिशेबानं ती दीड महिन्याची वाट. माणसं उपाशी राहिली तर काय करायचं? चुकायचंच तर जास्तीच्या बाजूला चुकावं, असं मी ठरवलं.

तीन दिवस खपून आम्ही बारा डबे भरले. प्रत्येकात कडक भाकऱ्यांची चळत, शेंगाची चटणी, तंबिटाचे लाडू, वर वाटेचा घास. रामेश्वरापर्यंत जाऊन परत आला असता माणूस.

डबे परत आले ते रेगे साहेबांच्या मागोमाग. ते दारातच उभे राहिले.

"बाई, साडेसहा तासांच्या प्रवासाला सहा आठवड्यांचं जेवण देतात का? एवढी इंजिनाची घरघर चाललीय, त्यातूनही भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येतोय! सगळ्यांच्या कोटांवर चुरा. एका शेठजींची कवळी तुटली. मला म्हणाले, रेगे, आम्ही कराचीला निघालोय की वनवासाला? आता मला दुसरीकडं बघायला हवं."

ते गेले. मी चुलीपुढं बसून राहिले. गंगाक्कानं डबे ढकलून कोपऱ्यात नेले. त्याच आठवड्यात सदलग्याचा एक ओळखीचा माणूस तारखेला आला, जेवला, आणि हात धुताना म्हणाला, "अण्णांनी सांगितलंय, गाडीला वंगण घातलंय म्हनून." गंगाक्कानं त्याच्या शिदोरीत मीठ घातलं नाही, हे मला नंतर कळलं.

आमच्या धंद्यात परत आलेला डबा हाच निरोप असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी धुवायला घेताना मी एकेक डबा उघडून बघितला. अकरांत एखादी भाकरी मोडलेली, बाकी सगळं जसंच्या तसं. बारावा मात्र रिकामा. नुसता रिकामा नाही, चटणीसुद्धा बोटानं पुसून खाल्लेली.

"ह्यो कुनाचा गं?" गंगाक्का म्हणाली.

मलाही तेच कळायला हवं होतं. ज्यानं खाल्ला त्याला विचारलं तर माझं काय चुकलं ते तो सांगेल. गंगाक्काला घेऊन मी सांबऱ्याला निघाले. वाटेत मी तीनदा परत फिरले, आणि तीनदा तिनं माझा दंड धरून मला वळवलं.

तळावर रेगे साहेब आम्हाला बघून कपाळाला हात लावायच्या बेतात होते. त्यांच्या शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला एक ठेंगणा पारशी गृहस्थ उभा होता. विमान तोच चालवायचा. कॅप्टन मिस्त्री त्याचं नाव. गंगाक्कानं रिकामा डबा पुढं केला आणि त्याचे डोळे चमकले.

"ए डबा मी खाल्ला, बाई! चहामंदी बुडवून खाल्ला. फर्स्ट क्लास! पन ए जेवन जहाजाचा हाय, विमानाचा नाय. तू मैल मोजला. मी तास मोजते."

गंगाक्का माझ्याकडं वळली, आता मी काय सांगायला लावते म्हणून. पण हे तिला सांगता आलं नसतं. माझी मान खाली होती, पण शब्द माझेच होते. "तास मला कळत न्हाईत. ते दिसत न्हाईत. मला एकदा दाखवा."

"म्हणजे?" रेगे म्हणाले.

"मला बसवून न्या. जेवणारा तिथं कसा बसतो ते बघितल्याबिगर मी बांधू कसं?"

माझ्या तोंडून एवढं कसं निघालं ते मला अजून माहीत नाही. रेगे म्हणाले, अशक्य. कॅप्टन म्हणाला, "का अशक्य? गुरुवारी टपाल घेऊन मुंबई जाते, सांजच्या आत परत येते. रेगे, तू बी येतो हेड ऑफिसला. दहा सीट खाली हाय. बाई एक सीटवर बसेल, काय विमान मोडते?"

गंगाक्का यायला तयार नव्हती. "मला जिमिनीवरच मरू दे, बया." शहापुरात बातमी फिरली. नळावर एक बाई म्हणाली, "नवरा वर गेला, आता ही बी निघाली व्हय भेटाय?" मी घागर भरली आणि घरी आले. 

गुरुवारी पहाटे मी भात केला. वाफ निघत असताना तपेलीला झाकण लावलं, घोंगडीत गुंडाळली आणि मांडीवर घेऊन विमानात बसले. हे कोणी सांगितलं नव्हतं. मला तास कळत नाहीत, पण भात किती वेळानं निवतो हे हाताला कळतं.

विमान उठलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पोट खाली राहिलं आणि मी वर गेले असं वाटलं. कानांत दडे बसले. मळमळून तोंडाला पाणी सुटलं. पलीकडच्या बाकावर रेगे साहेब पांढरे पडले होते, तेव्हा मला जरा बरं वाटलं. पाय गारठले. ताट ठेवायला जागा नाही, गुडघे हाच पाट. तंबाखूचा वास, तेलाचा वास, रेगे साहेबांच्या डोक्याच्या तेलाचा वास, सगळे वास कोंडून राहिलेले. एकेक गोष्ट मी मनात ठेवत गेले. लसूण नको. चुरा होईल असं काही नको. एका हातानं खाता आलं पाहिजे. पोटात ढवळतं त्यावर आधी काहीतरी हवं.

मग मी खाली बघितलं. वाटेचा घास माझ्या मुठीत होता. शीव आली की टाकायचा, म्हणून मी शीव शोधत होते. शेतं दिसली, नदी दिसली, डोंगर दिसले. बेळगाव कुठं संपलं, कोल्हापूर कुठं लागलं, काही कळेना. वरून शीव दिसतच नाही. घास तसाच मुठीत राहिला. शेवटी मी तो रेगे साहेबांना दिला. आल्याची वडी होती ती, त्यांना बरं वाटलं.

विमान उतरलं. रेगे म्हणाले, "बाई, मुंबई. अडीचशे मैल झाले."

मी खाली न उतरता घोंगडी सोडली आणि झाकण उचललं. माझ्या तोंडावर वाफ आली. बोट घातलं तर चटका बसला.

मी हसायला लागले. आमचे हे गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. रेगे साहेब बघतच राहिले. कॅप्टन मिस्त्री मागं आला, त्यानं वाकून तपेलीत बघितलं आणि ओरडला, "अरे, बेळगावचा भात मुंबईला गरम!" तिथंच, विमानाच्या पायरीवर, आम्ही तिघांनी तो मेतकूट-तुपाशी खाल्ला. हा प्रवास मुक्कामाचा नव्हताच. एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंतचाही नव्हता. निपाणी जशी लांब असून जवळ, तशीच कराची. एवढं साधं होतं, पण ते मला भातानं सांगितलं तेव्हाच पटलं.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा गंगाक्का दारात बसली होती. तिनं आधी मला हात लावून बघितलं, मग तपेलीला.

"मुंबईला गेलतीस?"

"व्हय."

"आनि सांजच्या सैपाकाला परत?"

"व्हय."

"मग तांदूळ निवड," ती म्हणाली, आणि आत जाऊन डोळे पुसत बसली.

रेगे साहेबांनी एक फेरी आणखी द्यायची कबूल केली. एकच. निपाणीचे तेच व्यापारी पुन्हा कराचीला निघाले होते. या वेळी पहाटे चूल पेटवली. सगळ्यात वर आल्याची वडी, विमान उठताना चघळायला, म्हणजे कानाचे दडे जातात आणि पोट जागेवर राहतं. खाली दोन घासांएवढ्या मऊ दशम्या, मध्ये बटाट्याची सुकी भाजी गुंडाळलेली, म्हणजे वाटी नको नि ताट नको. केळीच्या पानात दहीभात. डबे गवताच्या पेंढ्यात घालून टांग्यानं तळावर पोचवले. आणि कॅप्टनच्या खुर्चीमागं ठेवायला कडक भाकरीची एक पुडकी. रेगे म्हणाले, "पुन्हा?" मी गंगाक्काच्या तोंडून म्हटलं, "अडीअडचणीला." ती अडचण कधी आली नाही. पुडकी दर फेरीला चहात बुडून संपायची.

चौथ्या दिवशी डबे परत आले. टांगेवाल्यानं गोणपाट खाली ठेवलं आणि मी ते उचलून बघितलं. डबे जड होते. जाताना होते तेवढेच जड.

मला उघडायचा धीर होईना. गंगाक्कानं पहिला उघडला. मग दुसरा. मग तिनं भराभर सगळे उघडले आणि माझ्यापुढं ओतले. खजूर! तपकिरी, ओला, चकचकीत कराचीचा खजूर. बाराही डबे धुऊन पुसून त्यांत खजूर भरला होता. कवळीवाल्या शेठजींचा निरोप होता, तो टांगेवाल्यानं सांगितला, "शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, असं आमच्या आईनं शिकवलंय."

त्या दिवशी शहापुरातल्या एकूण एक घरात खजूर गेला. नळावरच्या त्या बाईकडं तर मी स्वतः नेऊन दिला.

पुढं दर फेरीला डबे आमचे. मुंबईच्या टपालाच्या विमानालाही दोन, आणि कोणी पाहुणे असले तर जास्त. कोर्टातले वकील "विमानातला डबा" म्हणून मुद्दाम मागायला लागले, त्यांना कुठं जायचं नसलं तरी. रात्री चूल विझली की गंगाक्का आणि मी पैसे मडक्यात टाकायचो आणि मडकं हलवून बघायचो. दिवाळीच्या तोंडावर ते वाजायचं बंद झालं, इतकं भरलं.

एक खंत आहे, तीही लिहिते. कराचीची ती फेरी जेमतेम वर्षभर टिकली. देश मोकळा झाला आणि कराची परक्या मुलखात गेली. मैल तेवढेच, तासही तेवढेच. पण आता तिथं किती मुक्काम म्हणायचे, हे रेगे साहेबांनाही सांगता येईना. तानूबाईचा मुलगा परत आला तो नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी. शिदोरी कोणी बांधून दिली नव्हती. त्याच्या पुढ्यात मी गरम भात ठेवला, आणि मला विमानातून बघितलेली ती शेतं आठवली. मी इतकी शोधली होती, पण शीव काही दिसली नव्हती.

पण ते नंतरचं. वायद्याचा तो पाडवा माझाच होता.

अण्णा सांगितल्याप्रमाणं आले. दोन मुक्काम करून, बैलगाडी घेऊन. गाडीत भांडी ठेवायला पेंढा पसरलेला, बांधायला सोल, म्हणजे जाड दोर आणलेले. बैल सोडले, हातपाय धुतले आणि उंबऱ्यावर बसले.

मी फराळाचं पुढं ठेवलं, ओवाळलं. अण्णांनी ताट जवळ ओढलं. लाडू मोडत एकदम म्हणाले, "सुंद्रा, लोक सांगत्यात त्ये खरं हाय व्हय? मुंबईपातूर भात गरम हुता?"

"बोट भाजलं माझं."

"आयला!" अण्णा म्हणाले, आणि मग जीभ चावली, कारण दिवस पाडव्याचा होता.

गंगाक्कानं मडकं आणून त्यांच्यापुढं पालथं केलं. बाहेर मुलं फटाके उडवत होती. अण्णांनी सगळे पैसे चवडी लावून मोजले. मोडले, आणि पुन्हा मोजले. मी दाराआड उभी नव्हते, समोर उभी होते.

"पुरतं हाय," अण्णा म्हणाले. "पैसा न् पैसा आला."

परतीच्या वाटेला मी त्यांना दशम्या बांधून दिल्या, दोन मुक्कामांच्या, वर वाटेचा घास. त्यांनी पैशांची गाठ कमरेला खोवली, बैल जुंपले आणि गाडी हाकली. भांड्यांसाठी आणलेला पेंढा तसाच होता. भरलेली गाडी दमानं जाते, रिकामी गाडी फार वाजते. शहापूरच्या फरसबंदीवरून ती खडखडत गेली, ती वळणापलीकडं दिसेनाशी झाली तरी बराच वेळ ऐकू येत होती.